वडील चार, चेकबुक एकाकडे

पत्र:

आमची ख्रिस्ती मंडळी विक्रोळीत आहे. स्वतंत्र आहे, कुठल्या बिशपच्या डायोसीजखाली नाही. चाळीसेक घरं, रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना. पाळकसाहेबांनी घरातल्या प्रार्थनेपासून ती उभी केली. आता वय झालंय, साखरेचा त्रास आहे, एकट्याने ओढवत नाही. म्हणून त्यांनी माझ्यासह तिघांना वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे ज्येष्ठ, नेमायचं ठरवलंय. पवित्र शास्त्रात एकट्याचा कारभार नाहीच, असं ते स्वतःच शिकवतात. पण परवा बोलता बोलता म्हणाले, “शेवटचा शब्द मात्र माझाच राहील.” मंडळीत कुजबुज आहे की एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे तर चार. मी फोर्टला नोकरी करतो. सकाळी साडेसातला निघतो, रात्री साडेआठला घरी. पत्नी म्हणते, “तुमचं नाव होईल आणि घर वाऱ्यावर जाईल.” होकार द्यावा का? आणि असा कारभार प्रत्यक्षात चालतो कसा?
– एक बंधू, विक्रोळी

उत्तर:

प्रिय बंधू, जय ख्रिस्त.

खरी गोम पाळकसाहेबांच्या त्या एका वाक्यात आहे. शेवटचा शब्द एकाचाच राहणार असेल, तर तुम्ही तिघं सल्लागार व्हाल, वडील होणार नाही. सल्लागार असण्यात वाईट काही नाही. कितीतरी मंडळ्यांचं त्यावर बरं चाललेलं असतं. पण मग तसं उघड सांगावं. डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून ‘वडील’ म्हणून उभं करायचं आणि निर्णय मात्र हातात द्यायचा नाही, यात फसगत तुमचीच होते. काही बिघडलं की लोक जाब तुम्हाला विचारतील.

शास्त्राबद्दल ते म्हणतात ते बरोबर आहे. पौल आणि बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील नेमले (प्रेषितांची कृत्ये १४:२३). एका मंडळीला एक असं तिथे दिसत नाही. मिलेत इथे पौल इफिसच्या वडिलांना बोलावून घेतो आणि त्यांनाच अध्यक्ष म्हणून कळप राखायला सांगतो (२०:१७, २८). तीताला क्रेत बेटावर नगरोनगरी वडील नेमायला ठेवलं होतं. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, असं याकोब सांगतो. आणि पेत्र, प्रेषित असूनही, वडिलांना लिहिताना स्वतःला त्यांच्यातलाच एक वडील म्हणवतो (१ पेत्र ५:१). तुमच्या पाळकसाहेबांना बसायची जागा हीच. ते चौथे वडील. बोलण्यात पहिले असतील, शिकवण्यात तर असावेतच, पण मत एकच.

अर्थात सगळ्या ख्रिस्ती परंपरा असं मानत नाहीत. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच अंत्युखियाचा बिशप इग्नाती एका अध्यक्षाभोवती, म्हणजे बिशपाभोवती, मंडळीने एकत्र राहावं असं कळकळीने लिहीत होता. वसईतल्या कॅथलिक धर्मग्रामात पॅरिश कौन्सिल असते, पण तिचं मत सल्ल्यापुरतं. नागपूरला १९७० साली स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बिशप आहे, पाळक आहे, पास्टरेट कमिटी, म्हणजे मंडळीची कारभार समिती, आहे, आणि कोणी काय करायचं ते घटनेत लिहिलेलं आहे. प्रेसबिटेरियन पद्धतीत पाळक वडिलांच्या सभेचा अध्यक्ष असतो, पण सभेचा मालक नसतो. ब्रेदरन मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी पगारी पाळकच नसतो. वडीलच सगळं बघतात. तुमची मंडळी स्वतंत्र असल्यामुळे तुमच्यासाठी कोणी घटना लिहून ठेवलेली नाही, ती तुम्हालाच लिहावी लागेल. माणसं निवडण्याच्या आधी लिहा. आधी हात ठेवले आणि मग नियम करायला बसलात, तर प्रत्येक नियम कुणाच्या तरी विरुद्ध केल्यासारखा वाटतो.

दोन पानं पुरतात. कुठला निर्णय कोणाचा, एवढंच त्यात हवं. काही गोष्टी चौघांच्या एकमताशिवाय होऊ नयेत: मंडळीची शिकवण, नवा वडील किंवा नवा पाळक, कोणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवणं, जागा घेणं-विकणं. बाकी मोठ्या गोष्टी बहुमताने. आणि बऱ्याचशा गोष्टी एकट्याने ठरवायच्या, त्या बैठकीत आणायच्याच नाहीत. गायनाचा क्रम, हॉलच्या खुर्च्या, शब्बाथ शाळेचा खाऊ यावर चार वडील तासभर बोलत बसले की समजावं, अशी कामं बघणारे सेवक नेमलेले नाहीत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सात जणांना पंक्तीचं काम दिलं ते यासाठीच. तुमच्याकडे तीन-चार सेवक तिघा वडिलांच्या आधीच नेमलेत तरी चालेल; आमच्या मते नेमावेतच.

एकमत झालं नाही तर? विषय पुढच्या बैठकीवर टाका, मध्ये एक दिवस उपास-प्रार्थना ठेवा. दुसऱ्यांदाही अडलं तर ती गोष्ट करायची नाही, जे चालू आहे तेच चालू ठेवायचं. तिसऱ्यांदा आणायची असेल तर सहा महिन्यांनी. यामुळे कामं रखडतात हे खरं. पण फूट पडते ती बहुधा उशिरामुळे नाही, एका मताच्या जोरावर रेटलेल्या निर्णयामुळे. पाळकसाहेबांना इथे वेगळा नकाराधिकार देऊ नका आणि तुम्हा तिघांची युतीही होऊ देऊ नका. तिघांनी आधी चहाच्या टपरीवर ठरवून यायचं आणि बैठकीत एकट्या म्हाताऱ्याला घेरायचं, ही कामगार युनियनची रीत आहे. ज्या विषयावर चौघं बोलणार, त्यावर तिघांनी आधी बोलायचं नाही, असं पहिल्याच पानावर लिहा.

आता पैसा. शेवटचा शब्द कोणाचा हे चेकबुक बघून कळतं. अर्पण उपासना संपल्यावर त्याच हॉलमध्ये, एका घरातले नसलेल्या दोघांनी मोजायचं, कागदावर आकडा लिहून दोघांनी सही करायची, सोमवारी बँकेत भरायचं. मोजणाऱ्यांत पाळक नको, खजिनदारही नको. खात्यावर तिघांच्या सह्या, त्यांतल्या कोणत्याही दोन लागतील अशा. तुमच्या हॉलच्या दारावर क्यूआर कोड चिकटवलेला असेल तर आधी तो स्कॅन करून बघा, नाव कोणाचं येतं. पाळकाच्या खासगी मोबाइल नंबरवर दशमांश, म्हणजे लोकांनी दिलेला उत्पन्नाचा दहावा भाग, जात असेल तर लबाडी असेलच असं नाही. बऱ्याचदा सोयीसाठी सुरू झालेलं असतं आणि तसंच राहतं. पण मंडळीच्या खात्याचा कोड येईपर्यंत बाकी सगळी चर्चा फुकट आहे. अडीअडचणीला मदत म्हणून एक ठरावीक रक्कम, समजा महिन्याला पाच हजार, पाळकसाहेबांना कोणाला न विचारता देता यावी. रात्री दोन वाजता कोणाला इस्पितळात न्यायचं असेल तेव्हा ठराव कोण करत बसणार? फक्त पुढच्या बैठकीत हिशेब सांगायचा.

पाळकसाहेबांचं मानधन किती, हे ते खोलीबाहेर असताना बाकी तिघांनी ठरवायचं, आणि दरवर्षी ठरवायचं. वचन आणि शिक्षण यांत श्रम करणारे वडील दुप्पट मानाला योग्य आहेत, असं पौल म्हणतो (१ तीमथ्य ५:१७), आणि लगेच पुढे मळणी करणाऱ्या बैलाचं आणि मजुराच्या मजुरीचं सांगतो. म्हणजे मान नुसता शाल-नारळाचा नाही. मानधन विक्रोळीतलं घरभाडं, औषधं आणि म्हातारपण धरून ठरवा. उद्याचं पोट मंडळीवर अवलंबून आहे आणि त्याची कुठेच सोय नाही, अशा माणसाकडून सत्ता सुटत नाही. ‘शेवटचा शब्द माझाच’ यामागे हीसुद्धा भीती असू शकते. ती आधी काढा.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. तुमची मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिच्या विश्वस्तांची नावं आहेत. कायद्याच्या नजरेत कारभारी तेच. तुमच्या डोक्यावर हात ठेवल्याने तिथलं एक अक्षर बदलत नाही. ट्रस्टच्या नोंदीची, म्हणजे शेड्यूल वनची नक्कल काढा आणि नावं वाचा. छोट्या मंडळ्यांत ती बहुधा पाळक, पाळकीणबाई, एक मेहुणा आणि दोन वारलेले सभासद अशी निघतात. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. सोबत सभेची नोटीस, इतिवृत्त, ठराव, जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला आणि येणाऱ्याची संमती लागते. मंडळ्यांत नोटीस तोंडी दिलेली असते आणि इतिवृत्त मागाहून लिहिलेलं, म्हणून अर्ज अडतो, आणि एकदा अडला की वर्षानुवर्षं जुनीच नावं राहतात. पुढे जागेचा प्रश्न आला की त्या नावांचे वारस दारात उभे राहतात. ट्रस्टची जागा विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. इमारतीच्या किंवा बिगरशेती जमिनीच्या तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही लागते.

चारही वडिलांनी विश्वस्त व्हावंच असं नाही. पण विश्वस्तांत वडिलांचं बहुमत हवं, आणि वडीलपण संपलं की विश्वस्तपदही सोडायचं हे त्या दोन पानांत यायला हवं. ट्रस्टच्या मूळ दस्तात याच्या उलट काही लिहिलं असेल तर तुमची दोन पानं टिकणार नाहीत, म्हणून दस्त आधी वकिलाला दाखवा. आणखी एक: लग्न लावण्याचा परवाना भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ खाली पाळकाला व्यक्ती म्हणून मिळतो. वडील झालात म्हणजे लग्न लावता येईल, या समजुतीत राहू नका.

माणसं निवडताना काय चुकतं ते सांगतो, कारण तुमच्याकडे तिघं आधीच ठरलेत आणि ते एकट्या पाळकसाहेबांनी ठरवलेत. वडिलाचे गुण १ तीमथ्य ३ आणि तीताला १ मध्ये आहेत. त्यांत शिकवता येणं एवढं एकच कसब आहे, बाकी सगळं माणसाच्या वागण्याबद्दल. तरी मंडळ्या निवडतात कोणाला? बँकेत असतो म्हणून, निवृत्त आहे, वेळ आहे म्हणून, सर्वांत जास्त दशमांश देतो म्हणून. मुंबईतल्या मराठी मंडळ्यांत तर गावकी-भावकीचं गणित असतं: नगरकडचा एक, जालन्याकडचा एक, सोलापूरकडचा एक. तसे वडील निवडले की ते बैठकीत आपापल्या लोकांचे वकील होऊन बसतात. एका घरातले दोघं नकोत, पाळकाचा मुलगा-जावई तर नकोच, मग तो कितीही लायक असो. स्त्रिया वडील असाव्यात का, यावर मंडळ्यांची शिकवण वेगवेगळी आहे. तुमची जी असेल ती लिहा, मोघम ठेवू नका.

पाळकसाहेबांनी सुचवलेली नावं दोन रविवार मंडळीपुढे वाचावीत. ज्याला हरकत असेल त्याने आपल्या नावानिशी, लेखी द्यावी. निनावी चिठ्ठी वाचायचीसुद्धा नाही. दरम्यान बाकीच्यांनी त्या माणसाच्या घरी जाऊन पत्नीशी बोलावं. तो ज्या सोसायटीत राहतो, जिथे काम करतो, तिथेही चौकशी करावी, कारण बाहेरच्या लोकांत चांगली साक्ष असावी ही अट पौलाचीच आहे. पतपेढीचं कर्ज थकवून जामीनदाराला अडकवलेला माणूस रविवारी कितीही सुंदर प्रार्थना करत असेल. मग सहा महिने उमेदवारी: बैठकीला यायचं, घरभेटी करायच्या, मत द्यायचं नाही. हात ठेवण्याची घाई करू नको, हे तीमथ्याला बजावलेलं आहे (१ तीमथ्य ५:२२). मुदत तीन वर्षांची ठेवा आणि तिघांची एकाच वेळी संपणार नाही अशी लावा. वडील जन्मभराचा असतो असं मानणाऱ्या मंडळ्याही आहेत. पण नव्याने सुरू करताना, चुकीचा माणूस निवडला गेला तर भांडणाशिवाय उतरता येण्याची वाट हवी. आकडा पुरा करण्यासाठी कोणाला घेऊ नका. एकच लायक निघाला तर तो आणि पाळक, आणि तोपर्यंत एखाद्या जवळच्या मंडळीतला अनुभवी वडील बैठकीला बोलवा. दोघंच राहिले की एक तर कोंडी होते नाही तर मिलीभगत.

बैठक महिन्यातून दोनदा, दोन तासांची. रविवारी उपासनेनंतर ठेवू नका. हॉलवाला बारा वाजता किल्ल्या वाजवत उभा असतो आणि सगळं उभ्या उभ्या उरकलं जातं. शनिवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी बसा. पहिला पाऊण तास फक्त घरांची नावं: कोण आजारी, कोणाची नोकरी गेली, कोण तीन रविवार दिसलं नाही, आणि त्या प्रत्येकासाठी प्रार्थना. पैसा आणि कामकाज त्यानंतर. उलटं केलंत तर घरांपर्यंत बैठक कधीच पोचत नाही, आणि वर्षभरात वडिलांची सोसायटीची कमिटी होते. अध्यक्षपद दर तीन महिन्यांनी फिरवा. निर्णय त्याच रात्री वहीत लिहून चौघांनी सह्या करा. व्हॉट्सअॅप ग्रुप निरोपापुरता. तिथे मतदान नाही आणि कोणाच्या पापाची चर्चा तर मुळीच नाही.

बैठकीत काहीही बोला, बाहेर चौघांचं बोलणं एक. लोक लवकर ओळखतात की कोणता वडील मऊ आहे. मग मुलाच्या लग्नाची परवानगी पाळकाने नाकारली की ते तुमच्याकडे येतील. त्यावर एकच उत्तर: “चौघांना विचारून सांगतो.” आणि खरंच विचारायचं.

पाळकाविरुद्ध किंवा वडिलाविरुद्ध तक्रार आली तर ती कोण ऐकणार, हे सगळं गोडीगुलाबीत असतानाच लिहून ठेवा. दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलावरचा आरोप घेऊ नये आणि पाप सिद्ध झालं तर सर्वांसमक्ष दोष दाखवावा, असा नियम आहे (१ तीमथ्य ५:१९-२०). चौघांच्या मंडळात ज्याच्यावर आरोप तो धरून सगळेच एकमेकांचे मित्र असतात, म्हणून बाहेरच्या मंडळीतले दोन वडील आधीच नेमून ठेवा. पण लहान मुलावर किंवा मुलीवर अत्याचाराची गोष्ट असेल तर यातलं काहीही लागू नाही. तिथे साक्षीदार मोजायचे नाहीत, बैठक बोलवायची नाही, आई-वडिलांना ‘मंडळीत मिटवू’ म्हणायचं नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे कळल्याबरोबर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्यालाही शिक्षा आहे. शब्बाथ शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

आता तुमच्या घराचं. चाळीस घरं चौघांत वाटली की तुमच्या वाट्याला दहा. प्रत्येक घरी तीन महिन्यांतून एकदा गेलात तर महिन्याला तीन-चार भेटी. दोन बैठका, भेटी, महिन्यातून एखादा संदेश द्यायचा असेल तर त्याची तयारी, असे महिन्याला सोळा ते वीस तास होतात. साडेआठला घरी येणाऱ्याला ते फक्त शनिवार-रविवारीच काढता येतील. म्हणजे तुम्ही आज मंडळीत जे करता, समजा गायनवृंद किंवा तरुण संघ, त्यातलं काहीतरी सोडावं लागेल. पत्नीला तात्त्विक उत्तर देऊ नका. कॅलेंडर समोर ठेवून कोणते दोन शनिवार जाणार आणि कोणते दोन राहणार, हे दाखवा. भेटींना त्यांना सोबत न्या. घरात एकटी स्त्री असेल तिथे तर एकट्याने जायचंच नाही. हे मांडूनही त्यांचा नकार कायम राहिला तर तो हरकतींच्या यादीत पहिला धरा, कारण आपलं घर चालवता न येणाऱ्याने मंडळी सांभाळायला घेऊ नये, हेही १ तीमथ्याच्या त्याच तिसऱ्या अध्यायात आहे.

पाळकसाहेबांना एकटे भेटा, बाकी दोघांना बरोबर घेऊ नका. तीन गोष्टी विचारा: खात्यावर दुसरी सही चालेल का, आपलं मानधन आम्ही ठरवलेलं चालेल का, आणि एखाद्या एकमताच्या विषयात आम्ही ‘नाही’ म्हटलं तर ती गोष्ट थांबेल का. तिन्हींना ‘हो’ आलं तर उमेदवारीला होकार द्या, सहा महिन्यांत खरं काय ते दिसेल. पहिल्या दोन्हींना हो आणि तिसऱ्यावर टाळाटाळ, तर वर्षभर सेवक म्हणून काम करायला तयार आहे, असं सांगा. क्यूआर कोड बदलण्याचं काम तेवढं याच महिन्यात मागून घ्या. त्यासाठी वडील असावं लागत नाही.